आउटलुक एक्सप्रेस, आउटलुक २००७ आणि जुनं थंडरबर्ड: सगळा पत्रव्यवहार नव्या थंडरबर्डमध्ये कसा आणायचा?

अबोली

मंडळी, नमस्कार.

मी विज्ञानविषयक लेखांचं संपादन करते. लेखकांनी पाठवलेले खर्डे, त्यांवर झालेली भवति न भवति, शेवटी काय ठरलं आणि का ठरलं, हे सगळं फक्त ईमेलमध्ये आहे. दुसरीकडे कुठेही त्याची नोंद नाही, त्यामुळे हा पत्रव्यवहार मला जपायचाच आहे.

अडचण अशी की तो तीन ठिकाणी विखुरलाय. सगळ्यात जुना विंडोज एक्सपीवरच्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये. मधली काही वर्षं आउटलुक २००७ च्या एका पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक पत्रं जिच्यात साठवतं ती). पुढचं सगळं थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅममध्ये, पण तेही आवृत्ती ५२ वर थांबलेलं. एक ॲड-ऑन (जोड-प्रोग्रॅम) बंद पडेल म्हणून मी ते अद्ययावत केलं नव्हतं.

नव्या संगणकावर थंडरबर्डची ताजी आवृत्ती टाकली आहे. एक्सपीवरच्या डीबीएक्स फाइली (आउटलुक एक्सप्रेसची पत्रं त्यांत असतात) त्याला दाखवल्या तर ते ओळखतच नाही. पीएसटीचं कसं करायचं ते कळत नाही. शिवाय काही जुनी मराठी पत्रं उघडली की नुसता रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

सुरुवात कुठून करू? काहीही गमवायचं नाहीये, वेळ लागला तरी चालेल.

निशिगंध

एवढा व्याप कशाला? सगळं एखाद्या वेबमेल खात्यात चढवून टाका. शोधायला सोपं, कुठूनही उघडतं, पुन्हा हलवायची कटकट नाही.

बिनतारी

अबोलीताई, सर्वात आधी एक करा: जुन्या संगणकावर आउटलुक एक्सप्रेस उघडू नका. तसंच बंद राहू द्या आणि त्याच्या फाइलींची जशीच्या तशी प्रत काढा.

कारण सांगतो. डीबीएक्स फाइलमधून पत्र पुसलं तरी त्याची जागा लगेच मोकळी होत नाही, त्यासाठी फाइल 'कॉम्पॅक्ट' करावी लागते. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून आउटलुक एक्सप्रेस दर शंभराव्यांदा बंद करताना हे आपणहून सुचवतं. ते चालू असताना वीज गेली किंवा कुणी कंटाळून प्रोग्रॅम मारला, तर अख्खं फोल्डर रिकामं दिसायला लागतं. जुन्या डिस्कवर ही जोखीम घ्यायचं काही कारण नाही.

फाइली कुठे आहेत: डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, त्यात तुमचं नाव, मग लोकल सेटिंग्ज, ॲप्लिकेशन डेटा, आयडेंटिटीज. त्याच्या आत महिरपी कंसातलं लांबलचक नाव असलेलं एक फोल्डर, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि शेवटी आउटलुक एक्सप्रेस. लोकल सेटिंग्ज हे लपवलेलं फोल्डर असतं, म्हणून 'लपवलेल्या फाइली दाखवा' हा पर्याय आधी चालू करावा लागेल. आयडेंटिटीजमध्ये एकापेक्षा जास्त फोल्डरं दिसली तर सगळी उचला. घरातल्या दुसऱ्या कुणाची वेगळी ओळख तिथे केलेली असू शकते, किंवा तुमचीच जुनी.

प्रत्येक मेल-फोल्डरची एक डीबीएक्स फाइल असते. त्यांत फोल्डर्स.डीबीएक्स नावाचीही एक दिसेल. तिच्यात पत्रं नसतात, पण कुठलं फोल्डर कुठल्या फोल्डरच्या पोटात आहे ते तिलाच माहीत असतं. 'यात तर काहीच नाही' म्हणून लोक ती हमखास मागे ठेवून येतात. तुम्ही घ्या. पत्त्यांची वही वेगळी असते, डब्ल्यूएबी फाइल. तीही घ्या.

प्रत सीडीवर काढणार असाल तर एक लक्षात ठेवा. सीडीवरून परत उतरवलेल्या फाइलींवर 'केवळ वाचनासाठी' अशी खूण राहते आणि मग आयात अडते, संदेश मात्र भलताच येतो. फाइलीवर उजवी टिचकी मारून गुणधर्मांमध्ये जा आणि ती खूण काढून टाका. पीएसटीचंही तेच, खूण असेल तर आउटलुक ती उघडतच नाही. यूएसबी डिस्क वापरलीत तर हा प्रश्न सहसा येत नाही.

एवढं झालं की सांगा, पुढचं लिहितो.

दुर्बीण

@निशिगंध, वेबमेलला माझा विरोध नाही, पण मूळ प्रत म्हणून ते नको. जीमेलचंच उदाहरण घ्या. फुकट जागा १५ जीबी, तीही ड्राइव्ह आणि फोटोंसकट. आयमॅपने (सर्व्हरवरची पत्रं मेल-प्रोग्रॅममधून हाताळायची पद्धत) वर चढवायला दिवसाला ५०० एमबीची मर्यादा गूगलच्याच मदतपानावर लिहिलेली आहे. आणि दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आलंय. अबोली यांचा पत्रव्यवहार म्हणजे दप्तर आहे. ते त्यांच्या स्वतःच्या हातात, कुठलाही प्रोग्रॅम वाचू शकेल अशा रूपात असायला हवं. त्यानंतर वेबमेलवर आणखी एक प्रत खुशाल ठेवावी.

निशिगंध

पटलं. ५०० एमबीचं माहीत नव्हतं.

अबोली

बिनतारी, खूप आभार. प्रती काढल्या. आयडेंटिटीजमध्ये खरंच दोन फोल्डरं निघाली! एकात अगदी सुरुवातीची पत्रं आहेत, ती हरवली असंच मी धरून चालले होते. फार आनंद झाला.

आता डीबीएक्सचं काय करू?

बिनतारी

वा! ही फार चांगली बातमी.

आता मुद्द्याचं. ताज्या थंडरबर्डला डीबीएक्स वाचता येत नाही आणि येण्याची शक्यताही नाही. विंडोज व्हिस्टापासून आउटलुक एक्सप्रेस विंडोजमध्ये नाहीच. मध्ये विंडोज लाइव्ह मेलचा पूल होता, ते डीबीएक्स घ्यायचं आणि प्रत्येक पत्राची वेगळी ईएमएल फाइल करायचं. पण त्याचा आधार १० जानेवारी २०१७ रोजी संपला आणि अधिकृत जागी ते आता मिळत नाही. कुठल्यातरी भलत्या साइटवरून उतरवू नका.

म्हणून डीबीएक्समधून पत्रं आधी बाहेर काढायची, ईएमएल रूपात. ईएमएल म्हणजे पत्र जसं प्रवास करून आलं तसंच्या तसं साध्या फाइलीत: वर मथळे, खाली मजकूर आणि त्यातच जोडपत्रं. त्याची व्याख्या १९८२ पासून जाहीर प्रमाणात आहे, त्यामुळे आज सगळे मेल-प्रोग्रॅम ते वाचतात.

काढायचे दोन मार्ग आहेत. एक्सपीचा संगणक चालू असेल तर आउटलुक एक्सप्रेसमध्ये फोल्डर उघडा, सगळी पत्रं निवडा आणि ओढून डिस्कवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये टाका. प्रत्येकाची ईएमएल होते आणि पत्राचा विषय हेच फाइलचं नाव बनतं. (आता प्रत हाताशी आहे, त्यामुळे प्रोग्रॅम उघडायला हरकत नाही. कॉम्पॅक्टचं विचारलं तर मात्र नको म्हणा.) एकाच विषयाची पत्रं पुष्कळ असतात, तेव्हा फाइलींची संख्या फोल्डरमधल्या पत्रांच्या संख्येशी ताडून बघा.

दुसरा मार्ग अनडीबीएक्स नावाच्या मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅमचा. त्याला डीबीएक्सचं फोल्डर दाखवायचं, तो ईएमएल काढून देतो. आउटलुक एक्सप्रेस लागत नाही, नव्या संगणकावरही चालतो. फाइल बिघडलेली असेल तर त्याला वसुलीचा वेगळा प्रकार आहे, त्यात जेवढं हाती लागतं तेवढं खणून काढतो. तुमच्याकडे फोल्डरं पुष्कळ असतील तर हाच मार्ग बरा.

एक गोष्ट दोन्हींत जाते: कुठलं पत्र वाचलं, कशाला उत्तर दिलं, कशावर झेंडा लावला, या खुणा. त्या डीबीएक्समध्ये असतात, पत्रात नसतात. पत्रं आणि जोडपत्रं मात्र पूर्ण येतात.

जुनेजाणते

आणखी एक. डीबीएक्सची कमाल मर्यादा २ जीबी. कुठली फाइल तेवढ्याच्या आसपास असेल तर तिच्यात बिघाड असण्याची शक्यता दाट आहे. ती वेगळी काढून वसुलीच्या प्रकाराने उघडा.

रातवा

थंडरबर्ड ५२ बद्दल मी लिहितो, कारण हाच प्रवास मी करून बसलोय.

५२ ही एक्सपी आणि व्हिस्टावर चालणारी शेवटची शाखा होती. तिच्या आणि आजच्या थंडरबर्डच्या मध्ये बरंच बदललं. ७८ मध्ये (२०२०) जुन्या पद्धतीची ॲड-ऑन पूर्ण बंद झाली, तुमचं ॲड-ऑन त्यातच गेलं असणार. त्याच सुमारास पत्त्यांच्या वहीचं रूप बदललं, जुनी एमएबी फाइल जाऊन एसक्यूलाइट आलं. ११५ मध्ये (२०२३) तोंडवळाच नवा झाला. आणि हे नीट ध्यानात घ्या: प्रोफाइल (तुमची पत्रं, खाती आणि सेटिंगं असलेलं फोल्डर) एकदा नव्या आवृत्तीने उघडलं की जुन्या आवृत्तीत ते नीट उघडेल याची खात्री नाही. परतीची वाट म्हणजे आधी काढलेली प्रत, एवढीच.

प्रोफाइल कुठे आहे ते थंडरबर्डच सांगतं. मदत मेनूत ट्रबलशूटिंगची माहिती, तिथे प्रोफाइल फोल्डर, शेजारी 'फोल्डर उघडा'. मग थंडरबर्ड बंद करा आणि ते अख्खं फोल्डर उचला. चालू असताना प्रत काढू नका, अर्धवट लिहिलेल्या फाइली येतात.

नव्या आवृत्त्यांत साधनं मेनूत 'निर्यात' आहे, पण ती ५२ मध्ये नाही. शिवाय २ जीबीपेक्षा मोठं प्रोफाइल ती घेत नाही, फोल्डर हाताने उचला असंच सांगते.

पुढे माझं मत: थेट ५२ वरून ताज्यावर उडी नको. ६०, ६८, ७८ असं टप्प्याटप्प्याने वर आणा, प्रत्येक टप्प्यावर उघडून बघा. रूपांतराचं काम त्या त्या आवृत्तीने केलेलं असतं, पुढच्या आवृत्त्यांत ते शिल्लक राहीलच असं नाही.

दुर्बीण

रातवा यांचा मार्ग बरोबर आहे, पण अबोली यांच्यासाठी मी वेगळं सुचवेन. जुनं प्रोफाइल नव्यात आणूच नका. नवं कोरं प्रोफाइल करा आणि त्यात फक्त पत्रं आणा.

थंडरबर्डची पत्रं साध्या एमबॉक्स फाइलींत असतात, एका फोल्डरची एक फाइल, तिला विस्तार नाही. शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते, ती नुसती अनुक्रमणिका. ती गेली तर थंडरबर्ड नवी बनवतं.

जुन्या प्रोफाइलमध्ये 'मेल' नावाचं फोल्डर असेल. त्यात पॉप खात्यांची (सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेतलेली) पत्रं आणि 'लोकल फोल्डर्स' असतात. 'आयमॅपमेल' मध्ये आयमॅप खात्यांची प्रत असते. ती सर्व्हरवरून परत येते, पण तुम्ही सर्व्हरवरून काही पुसलं असेल किंवा ते खातंच बंद झालं असेल तर तीच एकमेव प्रत, तेव्हा तीही ठेवा.

आता नवं थंडरबर्ड बंद करा. नव्या प्रोफाइलमधलं मेल, त्यातलं लोकल फोल्डर्स उघडा. जुनी 'इनबॉक्स' फाइल तिथे ठेवा, पण नाव बदलून, समजा 'जुना-इनबॉक्स'. विस्तार लावू नका. एमएसएफ आणू नका. थंडरबर्ड सुरू करा, डावीकडे लोकल फोल्डर्सच्या खाली ते नाव दिसेल. टिचकी मारली की ते अनुक्रमणिका बनवायला बसतं. मोठ्या फाइलीला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. पोटफोल्डरं असतील तर शेजारी त्याच नावाचं, एसबीडी विस्ताराचं फोल्डर असतं, तेही बरोबर त्याच नावाने ठेवायचं. मूळ फाइलचं नाव बदललंत तर एसबीडीचंही बदला, नाहीतर पोटातलं दिसणार नाही.

पत्त्यांची वही ५२ मधूनच बाहेर काढा, एलडीआयएफ किंवा सीएसव्ही रूपात. नव्यात आयात करा. गाळण्यांचे नियम हवे असतील तर प्रत्येक खात्याच्या फोल्डरमध्ये एमएसजीफिल्टररूल्स.डॅट असते, ती उचला. त्यातले फोल्डरांचे पत्ते जुने असतील, ते नव्याने दाखवून द्यावे लागतील.

असं केलं की वर्षानुवर्षं साचलेली सेटिंगं, मेलेली ॲड-ऑन, फुगलेला शोधाचा डेटाबेस, सगळं मागे राहतं.

रातवा

कोऱ्या प्रोफाइलचा एक तोटा सांगायला हवा. पॉप खातं असेल आणि 'पत्रं सर्व्हरवर ठेवा' चालू असेल, तर कुठली पत्रं आधी उतरवलीत याची नोंद पॉपस्टेट.डॅट फाइलीत असते. नव्या प्रोफाइलमध्ये ती नसते. मग सर्व्हरवरचं सगळं पुन्हा उतरतं आणि प्रत्येक पत्र दोनदा दिसतं.

दुर्बीण

हो, अगदी खरं. उपाय आहेत. खातं जोडल्याबरोबर आपोआप पत्रं आणणं बंद ठेवायचं आणि पॉपस्टेट.डॅट त्या खात्याच्या नव्या फोल्डरमध्ये ठेवून मगच सुरू करायचं. दुहेरी झालीच तर प्रत्येक पत्राच्या मथळ्यात मेसेज-आयडी असतो, त्यावरून दुहेरी पत्रं शोधणारी ॲड-ऑन मिळतात. पण ती चालवण्याआधी पुन्हा एक प्रत काढा.

गिरमिट

पासवर्ड आणायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच ठिकाणी ते तसेही चालणार नाहीत. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डचा प्रवेश ३० मे २०२२ पासून काढायला सुरुवात केली, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमवर १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केला. आता ओऑथ (पासवर्ड मेल-प्रोग्रॅमला न देता सेवेच्याच पानावरून प्रवेश) लागतं. ज्यांचं जुनं सॉफ्टवेअर एके दिवशी अचानक 'पासवर्ड चुकीचा' म्हणायला लागलं, त्यांच्यापैकी पुष्कळांचं कारण हेच. खातं नव्या थंडरबर्डमध्ये नव्याने जोडा, प्रवेशाची खिडकी ब्राउझरसारखी उघडेल.

अबोली

कोऱ्या प्रोफाइलचा मार्ग धरते. मनात होतं ते असं मोकळं करून सांगितल्याबद्दल दोघांचेही मनापासून आभार. तुमच्या मतभेदामुळेच मला नीट कळलं.

पीएसटीबद्दल कुणी सांगेल का? आउटलुक २००७ जुन्या लॅपटॉपवर अजून चालतं.

जुनेजाणते

चालतं हे फार बरं आहे, ते काम होईपर्यंत काढू नका.

आधी पीएसटीची प्रत. मग त्या प्रतीवर स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन चालवा, ते आउटलुकसोबतच येतं. मूळ फाइलीवर कधीही चालवू नका, कारण दुरुस्त करताना न जुळणारे तुकडे ते सरळ टाकून देतं.

फाइल कुठल्या पिढीची आहे तेही बघा. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. २००३ पासून युनिकोड (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरपद्धत) पीएसटी आली, तिची मर्यादा आधी २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी. एखाद्याने २००७ वापरलं तरी फाइल आधीच्या आवृत्तीतून तशीच पुढे आणलेली असली तर ती जुन्याच पिढीची राहते. जुन्या पिढीच्या फाइलीतल्या मराठी विषयांच्या ओळी नीट तपासा, तिथे प्रश्नचिन्हं झालेली सापडतात.

माझं स्वतःचं मत: पीएसटी हीच दप्तर म्हणून ठेवली तरी बिघडत नाही. आउटलुक ती आजही उघडतं.

दुर्बीण

इथे मी असहमत आहे. आजही उघडतं, पण कुठलं आउटलुक? विंडोजसाठीचं नवं आउटलुक पीएसटीला जुन्याइतका पूर्ण आधार देत नाही. जुन्या आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार राहील असं मायक्रोसॉफ्टने म्हटलंय, त्यापुढचं काय? अबोली यांना आज डीबीएक्सने जे दिवस दाखवले तेच पुढे कुणालातरी पीएसटीने दाखवू नयेत. पीएसटी ठेवा, जरूर ठेवा, पण शेजारी एमबॉक्स किंवा ईएमएल हवीच.

काढायचं कसं? थंडरबर्डमध्ये आउटलुकमधून थेट आयात आहे, पण ती आउटलुकला मध्ये घालून काम करते. म्हणजे त्याच संगणकावर आउटलुक हवं, ते मूळ मेल-प्रोग्रॅम म्हणून निवडलेलं हवं आणि दोघांची जात (३२ किंवा ६४ बिट) एक हवी. आउटलुक २००७ फक्त ३२ बिटचं आहे. थंडरबर्ड ६४ बिटचं असेल तर आयात होत नाही आणि लोक फाइलीला दोष देत बसतात. जुन्या लॅपटॉपवर ३२ बिटचं थंडरबर्ड टाकून तिथे आयात करा आणि तयार झालेल्या एमबॉक्स फाइली वर सांगितल्याप्रमाणे नव्या संगणकावर आणा.

लिनक्सशी ओळख असेल तर रीडपीएसटी हा प्रोग्रॅम आहे, लिबपीएसटीसोबत येतो. आउटलुक लागत नाही, पीएसटी द्या, एमबॉक्स घ्या.

तिसरा मार्ग आयमॅपचा. एकच आयमॅप खातं जुन्या आणि नव्या दोन्ही प्रोग्रॅमांत जोडायचं, जुन्यातून पत्रं त्या खात्याच्या फोल्डरमध्ये ओढायची, नव्यातून उतरवून लोकल फोल्डर्समध्ये घ्यायची. वाचल्याच्या खुणा टिकतात हा याचा मोठा फायदा. पण गिरमिट यांनी लिहिलंय त्यामुळे २००७ ला बऱ्याच सर्व्हरवर प्रवेशच मिळणार नाही.

कुठलाही मार्ग घ्या, एक समजून असा: आउटलुक पत्र आलं तसं ठेवत नाही, त्याचे भाग पाडून स्वतःच्या खान्यांत ठेवतं. बाहेर काढताना पत्र पुन्हा जुळवलं जातं. मजकूर, तारीख, जोडपत्रं येतात, मांडणी कधी थोडी बदलते.

अबोली

रीडपीएसटीचं मला जमणार नाही, ३२ बिटचा मार्ग घेते. मराठीच्या कचऱ्याचं राहिलंय अजून.

सांजवात

ताई, यात दोन वेगळे आजार आहेत, आधी कुठला ते ओळखा.

पहिला: प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी दोन-तीन विचित्र चिन्हं दिसतात आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए पुन्हा पुन्हा येतो. हा युनिकोडच आहे, फक्त पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने मथळ्यात एन्कोडिंगचं (अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीचं) नाव चुकीचं लिहिलंय किंवा लिहिलेलंच नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं, ते तीन बाइट सुटे वाचले जातात. पत्र शाबूत आहे. नव्या थंडरबर्डच्या दृश्य मेनूत मजकुराचं एन्कोडिंग दुरुस्त करण्याचा पर्याय आहे, बहुतेक पत्रं तेवढ्याने उघडतात.

दुसरा: साधी रोमन अक्षरं, अंकं, कंस, स्वल्पविराम यांची गिचमिड, तिरकी रेघवाला ए कुठेच नाही. हे युनिकोडपूर्व फाँटातलं मराठी. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसवलेले असायचे. म्हणजे पत्रात मुळातच रोमन अक्षरं साठवलेली आहेत, कुठलंही एन्कोडिंग बदलून ती मराठी होणार नाहीत. पत्र एचटीएमएल असेल तर त्याचा स्रोत उघडून बघा (कंट्रोल आणि यू), फाँटाचं नाव तिथे लिहिलेलं असतं. तो फाँट संगणकावर टाकला की पत्र पूर्वीसारखं वाचता येतं. साध्या मजकुराचं पत्र असेल तर फाँटाचं नाव त्यात कुठेच नसतं, पाठवणारी व्यक्ती तेव्हा काय वापरायची त्यावरून शोधावं लागतं. एकाच लेखकाचं एखादं एचटीएमएल पत्र किंवा वर्डचं जोडपत्र सापडलं तर त्याच्या सगळ्या पत्रांचं कोडं सुटतं.

फाँट कळला की त्याला युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मिळतात. पण बदललेला मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवा, मूळ पत्राला हात लावू नका. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी इथे परिवर्तक चुकतात, आणि संपादनाच्या पत्रव्यवहारात तेवढ्याने अर्थ फिरू शकतो.

अबोली

सांजवात, दोन्ही आजार आहेत माझ्याकडे! पहिल्या प्रकारची पत्रं एका टिचकीत वाचता आली. दुसऱ्या प्रकारात एका लेखकाच्या जोडपत्रावरून फाँट सापडला आणि त्यांची सगळी पत्रं उघडली. कितीतरी वर्षांनी ती वाचतेय. तुमचे उपकार विसरणार नाही.

आउटलुक एक्सप्रेसचंही झालं, पण एक शंका. आणलेल्या एका फोल्डरमध्ये सगळ्या पत्रांवर आजचीच तारीख दिसते. आणि जुन्या थंडरबर्डचा एक एमबॉक्स मी एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिला, तर त्यात पत्रांची संख्या मूळपेक्षा जास्त येते!

बिनतारी

तारखेचं घाबरू नका. 'मिळाल्याची तारीख' हा रकाना दिसत असेल, त्यात कधीकधी आयात केल्याचा दिवस येतो. रकान्यांच्या ओळीवर उजवी टिचकी मारून 'तारीख' निवडा, ती पत्राच्या स्वतःच्या मथळ्यातून येते आणि तिला कुणी धक्का लावलेला नाही.

संख्या जास्त येते त्याचं कारण कॉम्पॅक्ट न केलेलं फोल्डर. थंडरबर्डमध्ये पत्र पुसलं की एमबॉक्समधून ते लगेच जात नाही, पत्राच्या माथ्यावरच्या एक्स-मोझिला-स्टेटस या ओळीत 'पुसलेलं' अशी खूण होते. थंडरबर्ड ती खूण पाळतं, दुसरे प्रोग्रॅम पाळत नाहीत, म्हणून त्यांना जुनी पुसलेली पत्रंही दिसतात. मूळ प्रत तशीच ठेवा. जी फाइल वापरात घेणार आहात तिच्यावर मात्र फोल्डर कॉम्पॅक्ट करा आणि मग मोजा.

तपासताना नुसती संख्या बघू नका. प्रत्येक फोल्डरमधलं सर्वात जुनं पत्र, सर्वात मोठं जोडपत्र असलेलं आणि एखादं मराठी पत्र उघडा. जोडपत्र खरंच उघडून बघा. 'पाठवलेली' हे फोल्डर विसरू नका, तुमची अर्धी चर्चा तिथे आहे.

गिरमिट

आणि अँटिव्हायरसवर लक्ष ठेवा. जुन्या पत्रांत त्या काळचे व्हायरस जोडपत्र होऊन पडलेले असतात. अख्खं फोल्डर ही एकच फाइल असल्यामुळे एका पत्रापायी पूर्ण इनबॉक्स कोंडून ठेवला जातो आणि थंडरबर्डमध्ये रिकामा दिसतो. आयात चालू असताना प्रोफाइलचं फोल्डर अपवादात टाका. अनोळखी जोडपत्रं उघडायची नाहीत हे आलंच.

जुनेजाणते

ईएमएलची प्रत बाजूला ठेवणार असाल तर फाइलींची नावं छोटी राहू द्या. पूर्ण पत्त्याची लांबी २६० अक्षरांपलीकडे गेली की विंडोजमध्ये पुष्कळ प्रोग्रॅम ती फाइल लिहीतच नाहीत, आणि विषय लांबलचक असला की ही वेळ लगेच येते. इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी हे ॲड-ऑन वापरलंत तर त्याच्या सेटिंगमध्ये नावाची लांबी ठरवता येते.

आणि दुर्बीण, तुमचं म्हणणं पटलं. माझ्याही पीएसटीच्या एमबॉक्स करून ठेवतो.

खडूफळा

धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे. माझा थोडा वेगळा प्रश्न: माझ्याकडे जुन्या थंडरबर्डमध्ये एनिगमेल हे ॲड-ऑन वापरून कूटबद्ध केलेली पत्रं आहेत, काही एसमाइम या दुसऱ्या पद्धतीचीही. ती नव्यात उघडतील का?

दुर्बीण

पत्रं येतील, पण किल्ल्या आपोआप येणार नाहीत. एनिगमेलच्या किल्ल्या थंडरबर्डमध्ये नसून जीएनयूपीजी या कूटलेखनाच्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या साठ्यात असतात, त्यामुळे प्रोफाइलची प्रत काढली तरी त्या मागे राहतात. जुन्या संगणकावर एनिगमेलच्या की-व्यवस्थापनातून गुप्त किल्ली फाइलीत काढा. थंडरबर्डमध्ये ७८ पासून ओपनपीजीपी कूटलेखन अंगचंच आहे आणि त्याचा साठा वेगळा आहे. तिथल्या की-व्यवस्थापकात ती फाइल आयात करा.

एसमाइमसाठी प्रमाणपत्र पी१२ फाइलीत काढायचं आणि नव्या थंडरबर्डच्या प्रमाणपत्र व्यवस्थापकात घालायचं. मुदत संपलेली प्रमाणपत्रंही आणा. त्यांनी आता सही करता येत नाही, पण त्या काळात आलेली पत्रं त्यांच्याच किल्लीने उघडतात. पी१२ काढताना एक पासवर्ड द्यावा लागतो, तो फाइलपासून वेगळा कुठेतरी लिहून ठेवा.